पाय वेगवान आहेत, मग खो मिळाल्यावर घोळ का होतो?

एका पालकांनी विचारलं आहे: मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. शाळेत शंभर मीटरला पहिला किंवा दुसरा येतो, म्हणून सरांनी यंदा खो-खोच्या संघात घेतलं. पण खो मिळाला की उठायला उशीर करतो, उठला की बरेचदा नको त्या दिशेला वळतो, खांबाजवळ वेग आवरत नाही आणि पायात पाय अडकून पडतो. वडिलांनी यूट्यूबवर बघून ॲजिलिटी लॅडर (जमिनीवर अंथरून तिच्या खणांत झपझप पावलं टाकायची पट्ट्यांची शिडी) मागवली आणि दोन महिने रोज अंगणात करून घेतली. लॅडरवर तो आता तरबेज झालाय, मैदानावर मात्र होता तसाच. घरात ‘हा मुळातच वेंधळा’ असं म्हणायला सुरुवात झाली आहे. हातापायांचा मेळ शिकवून येतो, की तो अंगातच असावा लागतो, असा त्यांचा शेवटचा प्रश्न.

शिकवून येतो. सगळ्यांना सारखा येत नाही आणि सारख्या वेळात येत नाही, पण तेराव्या वर्षी कुणावर वेंधळेपणाचा शिक्का मारायचं काहीच कारण नाही. मी एका तालुक्याच्या गावात शाळेतल्या मुलामुलींना खो-खो शिकवते, त्याआधी स्वतः जिल्ह्याच्या संघातून खेळले. शर्यतीत पहिला येणारा आणि चौकोनात बसवला की गांगरणारा असा मुलगा माझ्याकडे जवळजवळ दरवर्षी एखादा असतोच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हापासून तर ‘पळतो चांगला, घ्या खो-खोत’ म्हणून मुलांना आणून सोडणारे पालक वाढलेत.

तुमच्या प्रश्नात मला एक नाही, तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात. उठायला उशीर, ही एक. चुकीची दिशा, ही दुसरी. वेग न आवरणं आणि पाय अडकणं, ही तिसरी. तुम्ही तिघींना मिळून ‘समन्वय नाही’ असं एकच नाव दिलंत आणि तिघींवर मिळून एकच उपाय केलात. पण या तिन्ही गोष्टी शरीरात वेगवेगळ्या ठिकाणी बिघडतात, त्यामुळे दुरुस्तीही वेगवेगळी.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या मुलाला काय लागू आहे ते तुम्हालाच कळेल.

सगळ्यात मोठी गोष्ट वय. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची साधारण दोन वर्षं आधी. त्या ऐन वर्षात मुलगा आठ-दहा सेंटीमीटर सहज वाढतो. शिवाय सगळं शरीर एकदम वाढत नाही. आधी पावलं आणि पाय लांबतात, धड मागाहून येतं. मागच्या दिवाळीत ज्या पायांचा अंदाज त्याच्या डोक्यात पक्का बसला होता ते पाय आता राहिलेच नाहीत. काही महिने अशी मुलं दाराच्या चौकटीला ठेचकाळतात, भांडी पाडतात आणि मैदानावरही अडखळतात. तुमचा मुलगा त्याच टप्प्यात असेल तर अर्धा दोष त्याच्या हाडांचा आहे. भिंतीवर पेन्सिलने खूण करून दर तीन महिन्यांनी उंची मोजा. खूण भराभर वर सरकत असेल तर या काळात उड्या आणि सूर कमी करा, बाकीचा सराव सावकाश चालू ठेवा. थांबवू मात्र नका. वाढत्या शरीराचा नवा अंदाज हालचालीतूनच येतो.

दुसरं म्हणजे नजर. चष्म्याचा नंबर असलेला आणि चष्मा काढून खेळणारा मुलगा मी दर हंगामात पाहते. ‘चष्मा फुटेल’ म्हणून घरूनच काढायला सांगितलेलं असतं. त्याला समोरचा धावक धूसर दिसतो आणि आपण म्हणतो त्याला खेळ कळत नाही. एकदा डोळे तपासून घ्या, लागला तर दोरीने बांधता येणारा खेळाचा चष्मा मिळतो.

तिसरं मैदान. मातीवर शिकलेला मुलगा मॅटवर गेला की त्याचं थांबणं बदलतं. मातीवर पाय थोडा घसरतो, मॅट पाय धरून ठेवते. शाळेत माती आणि स्पर्धेत मॅट असेल तर पहिल्या सामन्यात पडणं हा समन्वयाचा दोष धरू नका.

आता लॅडरचं बघू. लॅडर वाईट नाही. दहा मिनिटं अंग गरम करायला चांगली आहे, पावलं हलकी पडायला लागतात, मुलांना मजाही येते. माझ्याकडेही एक आहे, तिच्या दोन पट्ट्या तुटल्यात आणि बदलाव्यात असं मला वाटलेलं नाही. लॅडरमध्ये पाय कुठे टाकायचा हे आधीच ठरलेलं असतं. समोर कुणी नाही, मागून कुणी ओरडत नाही, निर्णय काही घ्यायचा नाही, आणि मुलगा मान खाली घालून स्वतःच्या पावलांकडे बघत असतो. खो-खोत यातलं एकही खरं नाही. रिकाम्या मैदानावर गाडी शिकून आठवडी बाजाराच्या दिवशी पेठेत घातल्यासारखं होतं ते. व्यायामशास्त्रात ही गोष्ट जुनी आहे. कॅलिफोर्नियातले फ्रँकलिन हेन्री यांनी १९५० च्या दशकापासूनच मांडलं होतं की सगळ्या हालचालींना पुरून उरेल असा एकच ‘सर्वसाधारण समन्वय’ नसतो, कौशल्यं ज्या त्या कामाशी बांधलेली असतात. एका कामात हुशार माणूस दुसऱ्यात हुशार असेलच असं नाही. तुमचा मुलगा लॅडरमध्ये हुशार झाला, कारण तुम्ही त्याला लॅडर शिकवलीत.

शंभर मीटरचंही तेच. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा त्याचा सर्वाधिक वेग ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात होता. खो-खोच्या दोन खांबांमधलं अंतरच जेमतेम २४ मीटर, आणि तेवढंही सरळ धावायला क्वचितच मिळतं. चार पावलं, वळण, खो. सहा पावलं, खांब, वळण. शंभर मीटरचा गडी ज्या वेगासाठी ओळखला जातो तो वेग इथे येतच नाही. त्याची ताठ, लांब ढांगेची धाव उलट आड येते. त्यामुळे ‘इतका पळतो तरी खो-खोत का नाही’ या प्रश्नात वाटतं तेवढं कोडं नाही.

मग पहिली तक्रार, उठायला उशीर. इथे बहुतेक जण ‘रिफ्लेक्स’ वाढवायच्या मागे लागतात. माणूस नुसत्या आवाजाला किंवा स्पर्शाला साधारण ०.१५ सेकंदात प्रतिसाद देतो, डोळ्यांना दिसलेल्या खुणेला थोडा जास्त वेळ लागतो, ०.२ च्या आसपास. ॲथलेटिक्समध्ये तर पिस्तूल वाजल्यापासून ०.१ सेकंदाच्या आत निघालेल्याला चुकीची सुरुवात धरतात, कारण इतक्या लवकर ऐकून निघणं माणसाला जमत नाही असं मानलं जातं. म्हणजे या भागात कमवण्यासारखं फार थोडं आहे. तुमचा मुलगा जो अर्धा-पाऊण सेकंद घालवतो तो कानात जात नाही. तो जातो ‘कुठे जाऊ?’ या विचारात.

खो-खो न खेळलेल्यांसाठी दोन ओळी. आठ जण मध्यपाटीवरच्या, म्हणजे दोन खांबांना जोडणाऱ्या पट्ट्यावरच्या, चौकोनांत बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. धावक बसलेल्यांच्या मधून इकडून तिकडे जाऊ शकतो, पाठलाग करणाऱ्याला मात्र मध्यपाटी ओलांडता येत नाही. म्हणून तो पाठमोऱ्या बसलेल्या साथीदाराच्या पाठीला हात लावून त्याच क्षणी ‘खो’ म्हणतो, आणि साथीदार उठून पलीकडच्या अर्ध्या भागात धावतो. एकदा दिशा घेतली की त्या बाजूच्या खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. खांद्यांची रेषा घेतलेल्या दिशेपासून काटकोनाहून जास्त फिरली तरी पंच फाउल देतात. खो मिळायच्या आधी उठलं तरी फाउल.

यातून काय निघतं बघा. बसलेल्या मुलाला खो मिळण्याआधीच ठाऊक असायला हवं की धावक कुठे आहे, कुठल्या बाजूला चाललाय आणि आत्ता खो मिळाला तर मी डावीकडे जाणार की उजवीकडे. चांगला खेळाडू बसलेला असतानाच खेळत असतो. त्याची मान सतत हलत असते, आणि पाठीला हात लागतो तेव्हा त्याला नुसतं निघायचं असतं. नवखा मुलगा पाठीला हात लागला की मग मान वर करून धावक शोधायला लागतो. तोवर धावक दोन चौकोन पुढे.

म्हणून माझ्याकडे नव्या मुलांना पहिले दोन आठवडे मी बसून बोलायला लावते. चौकोनात बसायचं, समोरून एक धावक फिरत राहणार, आणि बसलेल्याने सतत मोठ्याने म्हणायचं: ‘डावा… डावा… उजवा… डावा.’ आत्ता खो मिळाला तर कुठे जाईन, ते. उठायचं नाही, पळायचं नाही. मुलं कंटाळतात, पालक कुंपणापलीकडून ‘हे काय चाललंय’ अशा नजरेने बघतात. पण उशिरा उठणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा आजार एवढ्यानेच निम्मा होतो.

घरी करायचं असेल तर तीन माणसं पुरतात. अंगणात सात-आठ मीटरवर दोन बादल्या म्हणजे दोन खांब. मुलगा मध्ये बसेल, तुम्ही मागे, बहीण किंवा मित्र समोर धावक. आधी धावक एका जागी उभा राहील, तुम्ही खो द्याल, तो उठून त्या बाजूला तीन पावलं जाईल. मग धावक चालत राहील. मग धावक खो मिळायच्या क्षणाला दिशा बदलेल. शेवटी तुम्ही फसवायचं. कधी नुसतं ओरडा, हात लावू नका. कधी हात जवळ नेऊन मागे घ्या. तो उठला तर फाउल. मोबाइलवर शिट्टी लावून उठायचा सराव मी करून घेत नाही, कारण सामन्यात शिट्टीवर कुणी उठत नाही. पाठीवरचा हात आणि कानाशी आलेला आवाज या जोडीवरच शरीर सुटायला शिकलं पाहिजे.

दुसरी तक्रार, चुकीची दिशा. ही अर्धी वरच्याच गोष्टीतून आलेली असते, न बघता उठलं की पन्नास टक्के वेळा चुकणारच. उरलेली अर्धी पहिल्या पावलात आहे. मुलाला बसलेला समोरून व्हिडिओ काढा आणि सावकाश चालवून बघा. बहुतेक वेळा असं दिसेल: खो मिळाला की तो आधी सरळ उभा राहतो, मग कमरेच्या वर वळतो, पावलं अजून समोरच्याच दिशेला, आणि मग पुढचा पाय दुसऱ्या पायावरून आडवा येतो. पाय अडकणं ते हेच. कधी तर डोकं एकीकडे आणि खांदे दुसरीकडे निघालेले असतात.

इथे बसण्याची पद्धत महत्त्वाची. आमच्याकडे दोन प्रकार चालतात, बुलेट, म्हणजे एक पाय पुढे एक मागे, धावण्याच्या शर्यतीतल्या सुरुवातीसारखा, आणि पॅरलल, दोन्ही पावलं शेजारी शेजारी. बुलेटमध्ये पुढे सुटायला जोर मिळतो, पॅरललमध्ये दोन्ही बाजूंना वळायला सारखं सोपं जातं. कुठली चांगली यावर प्रशिक्षकांत वाद आहेत आणि ते चालू राहोत. माझा अनुभव असा की शर्यतीतून आलेली मुलं सवयीने बुलेट घेतात, कायम तोच पाय पुढे ठेवतात आणि त्यामुळे एका बाजूला वळताना हमखास अडकतात. अशा मुलांना मी काही आठवडे पॅरललवर ठेवते. मग बुलेट परत देते, पण दोन्ही पाय आलटून पालटून पुढे ठेवून.

उठताना सूचना काय द्यायची यावर मी फार काटकसर करते. ‘डावा गुडघा वाकव, उजव्या पायाने ढकल, हात असा घे’ असं तीन गोष्टींचं सांगितलं की मुलगा आपल्याच अंगाकडे लक्ष द्यायला लागतो आणि अधिकच घोटाळतो. हालचाली कशा शिकल्या जातात याचा अभ्यास करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनातून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे की लक्ष शरीराच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल जास्त सफाईदार होते. म्हणून मी म्हणते, ‘जमीन मागे ढकल’, ‘छातीवरचा नंबर खांबाला दाखव’. दुसऱ्या वाक्यात खांदे, कंबर आणि पावलं मिळून एकदम वळतात, वेगवेगळं सांगावं लागत नाही. बाजूला उभं राहून ओरडणाऱ्या पालकांना एक विनंती: सामना चालू असताना ‘पाय उचल, पाय!’ असं ओरडू नका.

तिसरी तक्रार, वेग न आवरणं. यावर सगळ्यात कमी काम होतं आणि सगळ्यात जास्त दुखापती इथेच होतात. आपण मुलांना पळायला शिकवतो, थांबायला कुणी शिकवत नाही. थांबताना शरीराचा बराचसा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ते ताणले जात असताना येतो, आणि तेवढी ताकद नसेल तर मुलगा ताठ पायांनी, टाच आपटून थांबायला बघतो. मग एक तर पुढे फेकला जातो, नाही तर गुडघ्याला झटका बसतो. मुलींमध्ये वयात आल्यानंतर गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाची (एसीएलची) दुखापत मुलांपेक्षा जास्त आढळते, म्हणून त्यांच्या बाबतीत तर थांबणं आणि उडीवरून उतरणं हे मी आधी पक्कं करते, वेग नंतर.

सराव साधा आहे. पाच मीटरवर रेघ मारा. अर्ध्या वेगाने धावत येऊन रेघेवर थांबायचं: शेवटची तीन-चार पावलं लहान, कंबर खाली, छाती फार पुढे झुकलेली नाही, गुडघे पावलांच्या वर, आत वळलेले नाहीत. आवाज ऐका. धाडधाड आवाज येत असेल तर तो अजून थांबायला शिकलेला नाही. हलका आवाज आला की अंतर आठ मीटर करा, मग वेग वाढवा, मग थांबून लगेच डावी-उजवीकडे निघायला सांगा, आणि कुठे निघायचं हे शेवटच्या क्षणी हाताने दाखवा. याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा उठाबशा, एका पायावर हळूहळू खाली बसणं, पायरीवरून उतरून स्थिर होणं. वजनं लागत नाहीत.

खांब त्यानंतर. खांब साधारण १.२० मीटर उंचीचा. आधी चालत येऊन हाताने धरून त्याच्याभोवती वळायचं, दोन्ही बाजूंनी. मग हळू धावत. खांबावरचा सूर हा विषय मी तेराव्या वर्षी पहिल्याच हंगामात काढत नाही. विश्वचषकाच्या क्लिप बघून मुलं थेट सूर मारायला जातात, मातीवर, कोपरं सोलून घेतात. गुडघ्यांवर बसून मॅटवर पुढे झोकून देणं, छाती आणि पोटावर घसरणं, हे आधी महिनाभर झालं पाहिजे.

इथवरचं थोडक्यात असं: उशीर म्हणजे बहुतेक वेळा न बघणं, दिशा म्हणजे न बघणं अधिक पहिलं पाऊल, आणि पडणं म्हणजे ब्रेक नसणं. आता हे सगळं रोजच्या सरावात कसं मांडायचं, कारण तिथे बरेच जण चुकतात.

सहज सुचतं ते असं की एक गोष्ट पन्नास वेळा करून पक्की करायची, मग दुसरी. अगदी नव्या हालचालीसाठी पहिले काही दिवस हे ठीक आहे. पण त्यानंतर मी सगळं मिसळते: दोनदा डावीकडे उठणं, एकदा रेघेवर थांबणं, एकदा खांब, पुन्हा उजवीकडे उठणं, मधेच नुसतं बसून ‘डावा-उजवा’ म्हणणं. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवून एक प्रयोग केला होता. एका गटाने एकेक हालचाल सलग केली, दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. काही दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा उलटसुलट सराव केलेल्यांना जास्त चांगलं आठवत होतं. तुम्हाला याचा उपयोग असा की मिसळून सराव सुरू केला की मुलगा पहिल्या आठवड्यात आधीपेक्षा वाईट दिसेल. लॅडरवर तो तरबेज दिसत होता, इथे चुकताना दिसेल. तेव्हा घाबरून परत पन्नास-पन्नासवर जाऊ नका. सराव किती देखणा झाला यावर मी काहीच मोजत नाही, तीन-चार दिवसांनी गोष्ट टिकली का ते बघते.

आणि प्रत्येक वेळी हालचाल हुबेहूब तशीच झाली पाहिजे हा आग्रहही सोडा. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाईन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचालींचं चित्रीकरण करून अभ्यास केला. घाव बरोबर जागी बसत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांची वाट दर वेळी थोडी वेगळी होती. सांधे एकमेकांना सांभाळून घेत होते. मी मुलांना वेगवेगळ्या जागी, ओल्या मातीवर, उतारावर, दमलेलं असताना, कधी हात मागे बांधून उठायला लावते ते याचसाठी. एकाच साच्यातून काढलेली हालचाल पहिल्याच अनपेक्षित धावकापुढे मोडते.

खेळांचंही सांगते. तुमच्या मुलाने आजवर फक्त शर्यती केल्या आहेत की बाकी काही खेळलाय? लंगडी, आट्यापाट्या, लगोरी, विटी-दांडू हे खेळ मी सरावात मुद्दाम घेते, आणि त्यात जुन्या आठवणींचा काही संबंध नाही. लंगडीत एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्याला गाठायचं असतं, म्हणजे तोल आणि नजर एकदम. आलटून पालटून दोन्ही पायांवर घातलीत तर उत्तमच, कमजोर बाजू लगेच उघडी पडते. आट्यापाट्यांत पाटी धरून उभ्या असलेल्याला चुकवताना समोरच्याची कंबर बघायला मुलं आपोआप शिकतात. डोळे आणि हात हूल देतात, कंबर सहसा देत नाही. खो-खोत संरक्षण करताना, म्हणजे धावक असताना, हेच लागतं. विटीने तर उडत्या वस्तूचा अंदाज येतो, जो खो-खोत थेट लागत नाही, पण मुलगा उद्या क्रिकेटकडे वळला तर वाया जाणार नाही. दोरीवरच्या उड्याही चालतील, फक्त एकाच लयीत शंभर मारण्यापेक्षा लय बदलत मारा.

किती वेळ? घरी रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, शाळेचा सराव नसेल त्या दिवशी. दमून मुलगा चुकायला लागला की थांबा. हे अंगमेहनतीचं काम नाही, त्यामुळे जास्त केल्याने जास्त मिळत नाही. रात्रीची झोप पुरी होऊ द्या, शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते. पहाटे पाचला उठवून मैदानावर नेणारे आणि रात्री अकरापर्यंत क्लास-गृहपाठ करून घेणारे पालक मला दोन्ही टोकं धरलेले दिसतात.

किती दिवसांत फरक, याला मी तारीख देत नाही. ‘बघून उठणं’ काही आठवड्यांत दिसायला लागतं. पहिलं पाऊल आणि थांबणं याला साधारण एक हंगाम. उंची झपाट्याने वाढत असेल तर मधेच दोन पावलं मागे जाईल, तो काळ धरूनच चला. काही मुलं शेवटपर्यंत थोडी अवघडच हलतात आणि तरी चांगले आक्रमक, म्हणजे पाठलाग करणारे, होतात, कारण त्यांची नजर पक्की असते. आणि काही मुलांना दुसराच खेळ बरा, हेही मी पालकांना सांगते. लांब उडी आणि चारशे मीटर अशा मुलाची वाट बघत असू शकतात.

एक गोष्ट मात्र वेगळी काढा. अडखळणं फक्त मैदानावर आहे की लहानपणापासून सगळीकडे? बटणं लावायला, बुटाची नाडी बांधायला, सायकल शिकायला, चेंडू झेलायला त्याला इतर मुलांपेक्षा खूप उशीर लागला का? अक्षर फारच वेडंवाकडं आहे का? अशी मुलं असतात, त्यांच्या बुद्धीत काही कमी नसतं, हालचाली बसवायलाच त्यांना जास्त कष्ट पडतात, आणि त्यासाठी बालरोगतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टची खरी मदत होते. तसंच आधी चांगला खेळणारा मुलगा अलीकडेच तोल जाऊन पडायला लागला असेल, सोबत डोकेदुखी, उलट्या किंवा नजर दुहेरी होणं असेल, तर सराव बाजूला ठेवून आधी डॉक्टर. तुमच्या वर्णनावरून मला दोन्ही वाटत नाही, पण मी त्याला पाहिलेलं नाही.

सध्या एवढंच करा: लॅडर गरम होण्यापुरती ठेवा आणि पुढच्या सामन्यात मोबाइल धावकावर न धरता तुमच्या मुलावर धरा, तो बसलेला असताना. खो मिळायच्या आधीच्या तीन सेकंदांत त्याची मान किती वेळा हलते ते मोजा, आणि उठल्यावर पहिलं पाऊल कुठल्या पायाचं पडलं ते लिहून ठेवा. दहा-बारा खोंची अशी नोंद आणि तो बुलेट बसतो की पॅरलल, एवढं सांगितलंत तर कुठून सुरुवात करायची ते मी नेमकं सांगू शकेन.